ब्लूटूथ रिसीव्हर फोनोत नको, टेपच्या सॉकेटमध्ये लावा

जुन्या अँपवर फोनमधली गाणी ब्लूटूथने कशी वाजवायची, या प्रश्नावर कुणीतरी सुचवलंय की मागे फक्त फोनो (रेकॉर्ड प्लेअरचं) इनपुट मोकळं असेल तर त्यात ब्लूटूथ रिसीव्हर, म्हणजे फोनचा आवाज पकडणारी छोटी डबी, लावून टाका. कृपया लावू नका. फोनोला आत तबकडीसाठीचा आरआयएए प्रीअँप असतो, म्हणजे तबकडीचा क्षीण सिग्नल खूप वाढवणारा आणि बास उचलणारा भाग, त्यामुळे आवाज फाटतो आणि बास नुसता घुमतो. झाकण उघडून व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबमागच्या भागावर) वायर डकवायचा दुसऱ्या कुणाचा सल्ला तर जुन्या अँपचा खूनच.

सत्तरच्या दशकातल्या फिलिप्स, ग्रुंडिगसारख्या अँपच्या मागे टेपसाठी पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. तिथेच काम होतं. पिन 3 डाव्या बाजूच्या आवाजाची, 5 उजव्या, 2 ग्राउंड. 1 आणि 4 हे रेकॉर्डिंगसाठी बाहेर जाणारे सिग्नल. बाजारातल्या काही तयार डिन-आरसीए वायरी (एका टोकाला डिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढरे आरसीए प्लग) नेमक्या 1 आणि 4 वरच जोडलेल्या असतात, मग रिसीव्हर ठीक असूनही अँप गप्प. आमच्या घरी हेच झालं. प्लग उघडून दोन्ही वायरी 3 आणि 5 वर नेल्या, लगेच गाणं सुरू.

आजचे बरेच रिसीव्हर कमाल 2 व्होल्टपर्यंत सिग्नल देतात, जुन्या अँपना काहीशे मिलिव्होल्ट पुरतात. नॉब जरा हलवला की घर दणाणतं, म्हणून रिसीव्हरचा किंवा फोनचा आवाज आधी उतरवून घ्या. आणि रिसीव्हरची डबी लपवायची तर अँपच्या पत्र्याच्या पेटीत नको, ब्लूटूथ अडकतं. लाकडी फळीमागे चिकटवली तर दिसतही नाही.