कोलोसल म्हणजे नुसतं 'मोठं' नाही

इंग्रजी 'कोलोसल' (colossal) या शब्दाचा अर्थ नुसता 'खूप मोठं' असा सांगितला, तर ते अर्धंच बरोबर आहे. मूळ ग्रीक कोलोसॉस म्हणजे पुतळा, पण ऱ्होड्स बेटावर सूर्यदेव हेलिओसचा साधारण ३३ मीटर उंच ब्राँझचा पुतळा इ.स.पू. २८० च्या सुमारास उभा राहिला आणि शब्द अवाढव्यपणालाच चिकटला, पुतळा मात्र पन्नासेक वर्षांतच भूकंपात गुडघ्यातून मोडून पडला. म्हणून कुणाच्या थ्रीबीएचकेला कोलोसल म्हणू नका हो, तिथे ह्यूज पुरतं. आणि हा शब्द चुकीला, नासाडीलाही सर्रास लागतो, कोलोसल ब्लंडर, कोलोसल वेस्ट, त्यामुळे कौतुक करताना मी तरी पुढे अचीव्हमेंट लावूनच लिहितो, आपण 'डोंगराएवढं काम' म्हणतो ना, तसं.