सात अर्धवट गोधड्या: आधी कोणती हाती घ्यावी?

धागादोरा (राजारामपुरी, कोल्हापूर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. गौरी-गणपतीच्या आधी माळा झाडायला काढला, तेव्हा लोखंडी पेटीतून आणि तिच्यामागे सारून ठेवलेल्या दोन पिशव्यांतून मिळून सात अर्धवट गोधड्या निघाल्या. तीन-चार असतील असा माझा अंदाज होता.

पहिली आईने सुरू केलेली दोन जुन्या इरकली लुगड्यांची वाकळ आहे. तिचे थर लावलेले असून एक तृतीयांश भागात आईच्या हातचे दोरे भरलेले आहेत. दुसरे भाचीच्या बारशासाठी घेतलेले दुपटे. त्याचा वरचा भाग तयार आहे, पण भाची यंदा दुसरीत गेली. तिसऱ्या गोधडीचे नऊ-नऊ चौकोनांचे ठोकळे मशीनवर जोडत होते, त्यांतले 54 पैकी 38 झाले आहेत. चौथी लॉग केबिन पद्धतीची, म्हणजे मधल्या लाल चौकोनाभोवती पट्ट्या फिरवत नेण्याची. तिचे तीनच ठोकळे झाले. पाचवी आणि सहावी यांचे वरचे भाग अगदी कडेपर्यंत जोडून, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेले आहेत, त्यांना ना अस्तर ना मधले थर. सातवी मुलाच्या वसतिगृहासाठी जुन्या सुती शर्टांची करायला घेतली होती. तिच्यावर मशीन मारताना खालच्या अस्तराला चुण्या पडल्या, म्हणून रागाने गुंडाळून ठेवली ती तशीच आहे.

मी नोकरी करते. बसायला वेळ मिळतो तो रात्री जेवणे झाल्यावर तासभर आणि रविवारी दुपारी. त्या तासातला निम्मा वेळ मागच्या वेळी आपण कोठे थांबलो होतो, दोरा कोणता वापरला होता आणि शिवण पाव इंचाची ठेवली होती की थोडी जास्त, हे शोधण्यातच जातो. मग कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की नव्या कापडाला कात्री लावावीशी वाटते. सासूबाई 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणतात. एरवी मी वाद घातला असता, पण चिंध्या खरोखरच समोर पडलेल्या असल्यामुळे गप्प बसावे लागते.

वाकळ उलगडली तेव्हा तिच्यात टोचून ठेवलेली सुई गंजलेली निघाली आणि तिच्याभोवती रुपयाएवढा तांबूस डाग पडला आहे. तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे. बाकी सगळे बाजूला ठेवून एकेक गोधडी पूर्ण करत जावे, की सगळ्या थोड्याथोड्या पुढे नेत राहावे?

शिवणवर्गाच्या बाई (मंगळवार पेठ) यांचे उत्तर

आपल्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आला आहे. 'आधी कोणती' हे ठरवण्यापूर्वी प्रत्येक गोधडी कोठे अडली आहे ते पाहावे. दुपटे, पाचवी, सहावी आणि चुण्या पडलेली सातवी या चारही एकाच पायरीवर थांबल्या आहेत, ती म्हणजे थर लावणे. सात ही संख्या जास्त नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेक जणींच्या गोधड्या नेमक्या याच पायरीवर अडत असत. त्याचे कारण आळस नसून घरातली फरशी आहे. 60 बाय 90 इंचांच्या गोधडीला चारी बाजूंनी तीन इंच वाढवून अस्तर घेतले, तर साडेपाच फूट रुंद आणि आठ फूट लांब जागा लागते, शिवाय गुडघ्यावर बसून सरकायला वाट लागते ती वेगळीच. दोन खोल्यांच्या घरात पलंग हलवल्याखेरीज एवढी जागा निघत नाही, आणि पलंग रोज हलत नाही.

म्हणून हे काम रोजच्या तासाभरात करण्याचा नाद सोडावा आणि चारही गोधड्यांचे थर एकाच दिवशी लावावेत. आपल्याकडच्या पावसात गच्चीचा विचार नको. दिवाळीनंतर एखादा कोरडा रविवार धरावा, किंवा सोसायटीचे सभागृह मागून घ्यावे. मदतीला एक तरी जोडीदारीण हवी.

अस्तर उलटी बाजू वर करून पसरावे, ताणावे, पण ओढू नये, आणि त्याच्या कडा रुंद चिकटपट्टीने फरशीला चिकटवाव्यात. सातव्या गोधडीत चुण्या पडल्या त्या बहुधा हा एक टप्पा गाळल्यामुळे. त्यावर मधला थर, मग वरचा भाग अंथरून तळहाताने मध्यापासून कडेकडे सारखा करत जावा. कच्चे टाकेही मध्यापासून बाहेर, वीतभर अंतराने घालावेत. वाकळीच्या बाबतीत पुष्कळ बायका कडेपासून आत दोरे भरत येतात आणि ते उत्तम जमते, कारण जुने कापड मऊ असते आणि हातशिलाईत थोडेसे जादा कापड टाक्याटाक्याला जिरवता येते. नव्या पॉपलिनवर मशीनने तसे करायला गेल्यास सगळे जादा कापड मध्यभागी फुगून उभे राहते. एकदा कच्चे टाके पडले की गोधडी घडी घालून कपाटात ठेवता येते आणि पुढचे काम मांडीवर घेऊन करता येते.

राहिला आपला शोधाशोधीतला अर्धा तास. उठण्याआधीची पाच मिनिटे चिठ्ठीसाठी राखावीत. तिच्यावर सुईचा क्रमांक, दोऱ्याचा रंग, शिवणीचे किंवा ओळींचे अंतर आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढचे पहिले काम पेन्सिलीने लिहावे. 'ठोकळे जोडणे' असे मोघम लिहू नये, तर 'पाचव्या ओळीचा तिसरा ठोकळा, निळी बाजू डावीकडे' असे लिहावे. चिठ्ठी कापडाला सेफ्टी पिनने अडकवावी. सुई मात्र कापडात कधीही ठेवू नये. गंजाच्या डागावर लिंबू आणि मीठ लावून काही वेळ उन्हात ठेवल्यास तो फिका होतो, पण रंगीत लुगड्यावर आधी एका कोपऱ्यात करून पाहावे.

मागवाला (इचलकरंजी) यांचे उत्तर

बाईंचे म्हणणे पटते, परंतु जागेच्या आधी अस्तर घरात आहे का, हेही विचारले पाहिजे. आमच्या घरी आईच्या तीन गोधड्या केवळ 'अस्तराचे कापड बघून आणू' या एका वाक्यावर वर्षभर पडून होत्या. घरात माग असताना ही गत, म्हणून सांगतो.

थर लावण्याचा दिवस ठरवण्यापूर्वी सगळ्या अस्तरांचे कापड एकदमच आणावे. येथे पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा, हिशेब उपयोगी पडतो. 66 बाय 96 इंचांच्या अस्तराला 36 इंच पन्ह्याचे कापड घेतल्यास 96 इंचांचे दोन तुकडे शेजारी जोडून, शिवणीत जाणारा इंच वजा जाता, 71 इंच रुंदी मिळते, आणि कापड लागते 192 इंच, म्हणजे पाच मीटरला थोडे कमी. तेच 44 इंच पन्ह्याचे घेतले तर लांबी तेवढीच लागते आणि वीस-एकवीस इंचांची पट्टी उरते. ती उरलेली पट्टीच पुढे आठवी गोधडी सुरू करायला लावते, हा आमच्या घरचा अनुभव आहे! 58 इंच पन्ह्याच्या मोहात पडू नये, कारण ते आठ इंचांनी कमी पडते आणि तेवढ्यासाठी तुकडा जोडत बसावे लागते.

कापड कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातून आणा नाहीतर आमच्या गावातून न्या, पण शिवण्यापूर्वी धुऊन घ्यावे. कोऱ्या सुती कापडावर खळ असते आणि पहिल्या धुण्यात ते साधारण तीन ते पाच टक्के आटू शकते. नव्वद इंचांत तीन टक्के म्हणजे जवळजवळ पावणेतीन इंच होतात. वरचा भाग जुन्या, धुऊन मऊ झालेल्या कापडाचा आणि अस्तर कोरे, अशी जोडी असेल तर पहिल्या धुण्यानंतर गोधडी पापडासारखी वळते. लाल आणि गडद निळा रंग वेगळ्या बादलीत भिजवून पाहावा.

जयंती नदीकाठ (शाहूपुरी) यांचे उत्तर

मी थोडे कडू बोलणार आहे. सातही पूर्ण करायच्याच, हे कोणी ठरवले?

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या तळमजल्यात पाणी शिरले, तेव्हा माझ्या अकरा अर्धवट गोधड्या एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत होत्या. प्लास्टिक असल्यामुळे त्या सुरक्षित राहतील असे मला वाटले होते. पाणी ओसरल्यावर पिशवी उघडली, तर एका लाल कापडाचा रंग सगळ्यांवर उतरला होता आणि आत कोंडलेल्या ओलीमुळे काळी बुरशी धरली होती. त्यांतल्या दोन वाचल्या. त्या अकरांपैकी चार-पाच मला मनापासून नकोच होत्या आणि केवळ सुरुवात केली म्हणून मी त्या जपत होते, हे नंतर माझ्या लक्षात आले.

तेव्हापासून घरात तीनच असतात. एक हातशिलाईची, जी टीव्हीसमोर किंवा एसटीतही चालते; एक मशीनवरची; आणि एक थर लावण्याची वाट पाहणारी. चौथी आत यायची असेल तर तिघींपैकी एक बाहेर गेली पाहिजे. एकच धरून बसावे हे मला जमले नाही, कारण मशीन रात्री लावता येत नाही आणि हात तर रिकामे असतात. आणि हो, आता गोधड्या सुती अभ्र्यात ठेवते, तळमजल्यावर नाही, आणि पावसाळ्यातसुद्धा ऊन पडेल त्या दिवशी उलगडून घड्या बदलते.

आपल्या सातांविषयी माझे मत असे आहे. भाचीच्या दुपट्याला कड लावून ते तिच्या बाहुलीला द्यावे किंवा घरातल्या पुढच्या बाळासाठी ठेवावे. लॉग केबिनच्या तीन ठोकळ्यांचे उशांचे अभ्रे होतात, गोधडी होण्यासाठी त्यांना आणखी दोन वर्षे लागतील. वाकळीला हात लावण्याआधी लुगड्याची परीक्षा घ्यावी. ते उजेडासमोर धरून पाहावे आणि दोन अंगठ्यांमध्ये पकडून हलकेच ताणावे. टर्रकन आवाज आला तर ते कापड वरच्या बाजूला ठेवू नये, वर दुसरे मऊ कापड घालून ते आतला थर करावे.

धागादोरा (राजारामपुरी) यांचा पुढील मजकूर

सर्वांचे आभार. दोन दिवसांत बरेच उरकले. दुपट्याला मागवाले दादांनी सांगितल्याप्रमाणे आधी धुतलेले अस्तर लावले, आणि ते छोटे असल्यामुळे जेवणाच्या टेबलावरच थर लागले. लॉग केबिनच्या ठोकळ्यांचे अभ्रे करण्याचा सल्ला पहिल्यांदा मनाला लागला, परंतु रात्रीपर्यंत पटला. पाचवी, सहावी आणि सातवी यांच्यासाठी नोव्हेंबरमध्ये सोसायटीचे सभागृह मागितले आहे. सातवीची शिलाई उसवायला सासूबाई बसल्या आहेत, म्हणी म्हणतच.

वाकळीचे लुगडे ताणून पाहिले, कापड धड आहे. आईने 21 ओळी भरल्या आहेत. ओळींतले अंतर पाऊण इंच धरून पुढे खडूने रेघा मारल्या, तर 41 ओळी उरतात. काल एक भरून पाहिली, वीस मिनिटे लागली. रोज तीन ओळी केल्या तर दोन आठवड्यांचे काम आहे, आणि मी ते चार वर्षे माळ्यावर ठेवले होते.

आता एकच अडचण आहे. आईने वापरलेला विटकरी दोरा लक्ष्मीपुरीपासून महाद्वार रोडपर्यंत शोधला, पण तशी छटा मिळाली नाही. शिवाय तिचे टाके इंचाला पाच पडतात आणि माझे प्रयत्न करूनही चार. बाई, एकसारखे दिसावे म्हणून आधीच्या ओळी उसवून सगळे नव्याने भरावे का?

शिवणवर्गाच्या बाई (मंगळवार पेठ) यांचे उत्तर

अजिबात उसवू नये. जुन्या लुगड्याला एकदा सुई लागलेली असते, तेथेच पुन्हा टोचले तर कापड चिरते. शिवाय जवळपासची छटा शोधत बसू नये, कारण किंचित वेगळा दोरा चुकल्यासारखा दिसतो आणि सरळ वेगळा रंग घेतला तर तो मुद्दाम घेतल्यासारखा दिसतो. बाविसाव्या ओळीपासून काठाच्या रंगाचा दोरा लावा. इंचाला चार टाके चालतील. ओळींतले अंतर मात्र शेवटपर्यंत पाऊण इंचच ठेवा. ते वाढवले तर धुतल्यावर आईची बाजू घट्ट आणि तुमची सैल राहील, आणि वाकळ एका अंगाला ओढली जाईल. दोरा संपत आला की गाठ वर दिसू देऊ नका, थरांच्या मध्ये ओढून घ्या. आणि रात्री उठताना सुई डबीत ठेवा.