लाल बावटा, हात, कमळ: सोलापूरच्या पूर्व भागात बदललं कोण, पक्ष की मतदार?

साखरपेठी
काल घरात वडिलांशी वाजलं, म्हणून धागा काढतोय. ते म्हणतात, "आम्ही आहे तिथंच आहोत, पक्ष बदलले." १९७८ला माकपच्या (लाल बावट्याच्या) आडम मास्तरांना मत, १९९५ला आणि २००४लाही. नंतर हात. २०२४च्या नोव्हेंबरात शहर मध्य मतदारसंघात कमळ. आणि म्हणे आम्ही बदललो नाही!
माझ्या मते मतदारच बदलला. आजोबा मिलमध्ये कामगार होते. मिल बंद पडली, वडिलांनी पुढं शेड टाकून चार माग बसवले, टॉवेल काढतात. दोन कामगार आहेत, त्यामुळं आता स्वतःला कारखानदार म्हणवतात. मजुरीवाढीचा मोर्चा गल्लीत आला की शटर ओढून घेतात. असा माणूस विळा-हातोड्याला मत कशाला देईल?

विडीघरकुल
दादा, तुमच्या शेडाचा हिशोब बरोबर असेल. पण माझी आई आजही हजार विड्यांच्या मजुरीवरच आहे. छाट (नापास विड्या) जास्त काढली की कारखान्यात भांडून येते. तिची परिस्थिती काय बदलली? युनियनचं कार्ड पिशवीत, आणि मत कमळाला.
कारण घर. कुंभारीची विडी कामगारांची १०,००० घरं युनियननं वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवली, पण २००६ला ती द्यायला मनमोहन सिंग आले. रे नगर या कामगार वसाहतीच्या १५,००० घरांच्या वेळी, जानेवारी २०२४ला, मोदी. उन्हात बसले मास्तर आणि आमच्या बायका, फोटो दिल्लीवाल्यांचा. आईच्या डोक्यात मात्र सरळ आहे: भांडायला मास्तर, द्यायला सरकार. मग मत सरकारला.

कडकभाकरी
म्हणजे पक्ष जागचे हललेच नाहीत का ओ? २०१९च्या जानेवारीत रे नगरचं भूमिपूजन झालं, तेव्हा मास्तरांनी मोदींचं कौतुक केलं. माकपनं त्यांना तीन महिने केंद्रीय समितीतून निलंबित केलं. सोलापुरात घरं बांधायची तर दिल्लीशी गोड बोलावं लागतं, हे पक्षाला पचलं नाही. भाजपनंही १९८०ला जन्मताना ‘गांधीवादी समाजवाद’ घेतला होता, आज कुणाला आठवतो तरी का?
आणि शहर मध्यचे आमदार देवेंद्र कोठे. आजोबा विष्णुपंत कुठल्या पक्षाचे? काँग्रेसचे. रोपं हाताच्या वाफ्यातली, लावली कमळाच्या तळ्यात. यात विचारधारा कुठं आली बे?

साखरपेठी
एवढं सोपं नाही. १९९६ला लिंगराज वल्याळ कमळावरच खासदार झाले. तेव्हा कुणाची रोपं उपटली होती? पाणी आधीपासून मुरत होतं.

विजापूरवेस
सगळी चर्चा पूर्व भागाचीच चाललीय. आमच्या मुस्लिम मोहल्ल्यांचं बघा. शहर मध्यमध्ये २०१४, २०१९, २०२४, तिन्ही वेळा दुसऱ्या नंबरवर एमआयएम. शेवटच्या वेळी तर काँग्रेस तिसरी. ‘हे जाणार कुठं’ असं धरून चालणाऱ्यांना ते उत्तर होतं.
पण त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या मोहल्ल्यानं काँग्रेसच्या प्रणितीताई शिंदेंना लोकसभेला भरभरून मतं दिली. सहा महिन्यांत आमची विचारधारा बदलली का? लोकसभेला कुणाला पाडायचं ते बघितलं, विधानसभेला आपला कोण ते. अभ्यासक याला ‘मतदारांची आघाडी फुटली’ म्हणतील, आम्ही याला दोन वेगळी बिलं म्हणतो.

सांगोलेकर
शहरवाल्यांनो, जरा इकडं या. गणपतराव देशमुख एकाच झेंड्याखाली ११ वेळा आमदार. २०१९ला सांगोला शिवसेनेकडं गेला, २०२४ला नातू बाबासाहेब त्याच शेकापवर (शेतकरी कामगार पक्ष) निवडून आले. निष्ठा असते राव.

कडकभाकरी
निष्ठा आबासाहेबांवर, म्हणजे गणपतरावांवर. शेकापचा जाहीरनामा सांगोल्यात किती जणांनी वाचलाय ते सांगा, मग बोलू.

सांगोलेकर
तुम्ही कमळाचा वाचून मत देता वाटतं.

साखरपेठी
विडीघरकुल ताई, तुमचा मुद्दा दुपारी वडिलांना सांगितला. चिडले. म्हणाले, "घरं मिळाली ती विडीवाल्यांना. आम्हाला जीएसटी मिळाला." मी विचारलं, मग कमळाला मत का? तर माग सुरू करून टाकला. त्या आवाजात पुढं काय बोलणार!

विडीघरकुल
मीही आईला विचारलं. परवा मजुरीसाठी मोर्चा आहे, लाल बावट्याचा. म्हटलं, मत तर तिकडं देतेस, मग इथं कशाला उन्हात जातेस? पत्ती कापता कापता म्हणाली, "अगं, मजुरी काय कमळवाले येऊन वाढवणारेत?"
सकाळी दहाला निघणार आहे, डबा बांधून.