अर्थ केवळ डोक्यात असतो का?

धागाकर्ता :
विचार मेंदूत घडतो हे मला मान्यच आहे. मात्र तो विचार कशाविषयी आहे हे केवळ मेंदूच्या अवस्थेवरून ठरते, ही समजूत मला टिकणारी वाटत नाही. तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९७५ साली एक कल्पनाप्रयोग मांडला. पृथ्वीसारख्याच एका ग्रहावर तहान भागवणारा, नद्यांतून वाहणारा द्रव हुबेहूब पाण्यासारखा आहे, पण त्याची रासायनिक घडण वेगळी आहे. काळ १७५० चा, म्हणजे पाण्याची घडण कोणालाच ठाऊक नसतानाचा. दोन्ही ग्रहांवरची तंतोतंत सारखी माणसे ‘पाणी’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनातले चित्र एकच असते. तरीही ती दोन निरनिराळ्या द्रवांविषयी बोलत असतात. (माणसाचे शरीरच बरेचसे पाण्याचे असते, तेव्हा ती तंतोतंत सारखी कशी, हा आक्षेप खरा आहे, पण मूळ मुद्दा त्याने ढळत नाही.)

तत्त्वज्ञ टायलर बर्ज यांचा १९७९ चा युक्तिवाद मला याहून भक्कम वाटतो, कारण त्याला परग्रहाची गरज लागत नाही. आपला संधिवात मांडीत पसरला आहे असे मानणाऱ्या रुग्णाला डॉक्टर सांगतात की हा विकार सांध्यांचाच असतो. त्यावर रुग्ण आपली समजूत सुधारतो. ‘माझ्या शब्दाचा अर्थच निराळा होता’ असे म्हणत नाही. शब्दाचा पूर्ण अर्थ ठाऊक नसतानाही तो समाजातल्या अर्थानेच विचार करत होता.

साशंक :
शब्द कोणत्या वस्तूला लागू होतो आणि माणसाच्या मनात काय चालले आहे, हे दोन प्रश्न आपण एकत्र केले आहेत. तहानलेला माणूस ओंजळ पुढे का करतो, याचे उत्तर दोन्ही ग्रहांवर एकच आहे, कारण त्याचे स्नायू हलवते ती मेंदूची अवस्था, द्रवाचे रासायनिक सूत्र नव्हे. मानसशास्त्राला कारणे शोधायची असतील, तर त्याने कवटीच्या आतच पाहिले पाहिजे.

शिवाय अर्थ जग ठरवत असेल, तर जेड या शोभेच्या दगडाचे काय करायचे? या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगडांत नेफ्राइट आणि जेडाइट अशी दोन भिन्न खनिजे आहेत, हे फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ अलेक्सी दामूर यांनी १८६३ मध्ये दाखवून दिले. तरीही दोन्हींना जेड म्हणणे चालूच राहिले. निकाल खनिजांनी दिला नाही, बोलणाऱ्या माणसांनी दिला.

धागाकर्ता :
जेडचा दाखला पटनम यांच्या बाजूला अडचणीचा आहे, हे मी मानतो. परंतु ‘बोलणाऱ्या माणसांनी’ याचा अर्थ एखाद्याच्या मेंदूने असा होत नाही. रत्नपारखी, व्यापारी आणि ग्राहक यांच्या परस्पर व्यवहाराने, असा होतो. म्हणजे आपला दाखला बर्ज यांच्याच पदरात पडतो. ओंजळीबाबत म्हणाल, तर हाताची हालचाल सारखी आहे हे खरे, पण ‘तो पाणी शोधत होता’ हे वाक्य एका ग्रहावर खरे ठरते आणि दुसऱ्यावर खोटे. माणसाच्या कृतीचा खुलासा आपण बहुधा अशाच वाक्यांनी करतो.

एक वाचक :
या चर्चेत अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञांचा १९९८ चा सिद्धान्त मिसळला जाऊ नये, असे वाटते. विस्मरणाचा विकार असलेल्या माणसाची टिपणवही त्याच्या स्मृतीचाच भाग मानावी, असे ते म्हणतात. तिथे प्रश्न विचारप्रक्रिया कुठे घडते हा आहे. इथला प्रश्न विचाराचा आशय कशामुळे ठरतो हा आहे. दुसरे मान्य करून पहिले नाकारता येते, आणि मी तेच करतो.

साशंक :
हा भेद योग्यच आहे. माझा खरा आक्षेप आत्मज्ञानाविषयी आहे. मी काय विचार करतो हे मला बाहेर न पाहता कळते, निदान सर्वसाधारणपणे. बर्ज यांचे उत्तर असे की ‘मी पाण्याचा विचार करतो आहे’ या विचारात मूळ विचार आपल्या आशयासकट सामावलेलाच असतो, त्यामुळे चूक संभवत नाही. पण समजा, एखाद्याला नकळत त्या दुसऱ्या ग्रहावर नेले आणि तो तिथेच कैक वर्षे राहिला, तर आपल्याच म्हणण्यानुसार त्याच्या शब्दाचा आशय हळूहळू बदलेल, आणि दोन्ही काळांतले आपले विचार मनात शेजारी ठेवून पाहिले तरी त्याला तो बदल जाणवणार नाही. स्वतःच्या दोन विचारांतला भेद ज्याला ओळखता येत नाही, त्याला त्यांतला एक तरी नेमका ठाऊक आहे असे आपण कोणत्या आधारावर म्हणणार?