सरसकट अडीच किलो कशाला?
जिममधे दर आठवड्याला बारवर (प्लेट लावायच्या लोखंडी दांड्यावर) अडीच किलो चढवायचे, असं टार्गेट कोणीतरी सगळ्या व्यायामांना सरसकट दिलंय. स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठका) आणि डेडलिफ्टला (बार जमिनीवरून उचलणं) सुरुवातीचे काही महिने ते चालतंही, पण ओव्हरहेड प्रेसला (बार खांद्यापासून डोक्यावर ढकलणं) नाही चालत हो. गणित बघा ना, 100 किलोच्या डेडलिफ्टला अडीच म्हणजे अडीच टक्के, आणि नुसता 20 किलोचा बार डोक्यावर नेणाऱ्या बाईला तेच अडीच म्हणजे थेट साडेबारा टक्के! आपल्याकडच्या बहुतेक जिममधे सगळ्यात छोटी प्लेट सव्वा किलोची, दोन्ही बाजूंना लावली की झाले अडीच, त्याच्या खाली जायची सोयच नाही. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धांमधे सुद्धा 2005 पासून एकेक किलोने वजन वाढवायला परवानगी आहे, मग आपण कुठले एवढे पेहलवान लागून गेलो.

माझ्या बहिणीची गाडी याच 20 वर अडकली होती आणि ट्रेनरचं एकच पालुपद, "मॅडम, प्रोटीन कमी पडतंय". शेवटी तिने घोट्याला बांधायची वेल्क्रोवाली अर्धा-अर्धा किलोची वजनं आणली आणि बारच्या दोन टोकांना गुंडाळली, कॉलरच्या (बारच्या टोकाला लावायच्या क्लिपच्या) आत घट्ट, नाहीतर घसरतात. झाला 21 चा बार. जिममधले लोक बघून हसायचे, हसू देत. ते जमणार नसेल तर वजन तेच ठेवून आधी प्रत्येक सेटमधले रेप्स (सलग किती वेळा उचललं ते) 5 वरून 8 वर न्या, तिन्ही सेटमधे 8 नीट निघाले की मगच अडीच चढवा. आणि हो, बार खरंच 20 चा आहे का ते एकदा काट्यावर ठेवून बघा, गल्लीतल्या जिममधे कुठलाही बार असतो.