घराला डोंगरातला साग की बांधावरचा?

फैजपूरकर (धागा सुरू):
आमचं वडिलोपार्जित धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर उतरवतोय. नव्या घरात बारा चौकटी आणि जिना लाकडाचाच हवा, हे घरात ठरलंय. मागच्या आठवड्यात एकाने निरोप धाडला: "डोंगरातला माल आहे, वखारीपेक्षा निम्म्या भावात. रात्री आणून टाकतो." वाहतुकीचा पास नाही, वनखात्याच्या हातोड्याचा ठसा नाही, म्हणजे चोरीचाच माल. घरातली जाणती माणसंही म्हणाली, घेऊन टाक, असा साग परत मिळायचा नाही. मी नाही म्हणालो.

त्याच दिवशी उतरवलेली एक दहा इंची तुळई कापली होती. कापावर ओलं फडकं फिरवून वर्तुळं मोजली. एका इंचात पंधरा-सोळा भरली. म्हणजे पणजोबांच्या घरासाठी जे झाड पडलं, ते त्याआधी सत्तर-ऐंशी वर्षं सातपुड्यात उभं होतं. तसं झाड आज पाडलं तर माझ्या नातवालाही त्या जागी तसं दिसणार नाही. म्हणून माझं मत: नव्या बांधकामाला लागवडीचाच साग घ्यावा, जमलं तर शेतकऱ्याच्या बांधावरचा. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर लिहा.

सुतार, अमळनेर:
भाऊ, चोरीचा माल मीही घेत नाही, ते बाजूला ठेवा. पण लागवडीचा साग आणि जंगली साग सारखाच, असं कोणी सांगू नये. तीस वर्षं रंधा हातात आहे. अठरा-वीस वर्षांचं बागायती खोड चिरलं की मधे मनगटाएवढा तांबूस गाभा आणि भोवती सगळं पांढरं. त्या पांढऱ्याला किडा लागतो, चौकटीखाली पिठासारखा भुसा पडायला लागतो. एका गिऱ्हाइकाला चैत्रात दारं बसवून दिली. आपल्याकडचं पंचेचाळीस अंशांचं ऊन खाल्लं आणि ज्येष्ठ लागेपर्यंत फळ्या अशा पिळवटल्या की कडी बसेना. बोल कोणी ऐकले? मी. जुन्या सागाची दारं तीन पिढ्या हलत नाहीत. शंभर वर्षं टिकणारं एक झाड तोडणं बरं, की वीस वर्षांनी बदलावी लागणारी चार?

फैजपूरकर:
दादा, शेवटचा प्रश्न वजनदार आहे, तो मला टाळायचा नाही. पण ती दारं पिळवटली ती लाकूड ओलं होतं म्हणून. सागात वर्तुळं दाट म्हणजे लाकूड मजबूत, असा नियमही नाही. दर वर्षीच्या वाढीत आधी मोठ्या छिद्रांचा पोकळ पट्टा येतो, आणि हळू वाढलेल्या झाडात उलट तोच जास्त भरतो. टिकाऊपणा असतो तो गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांत, आणि तिथे तुमचं खरं आहे, कोवळ्या झाडात ती कमी असतात. म्हणून वीस वर्षांचं खोड घेऊच नये, पंचवीस-तीसच्या पुढचं घ्यावं आणि पांढरा भाग छाटून टाकावा. आतल्या दारांत थोडा राहिलाच तर बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवावा. बाहेरच्या दाराला ते चालत नाही, पावसात धुऊन जातं.

धडगावची:
तुम्ही दोघंही फक्त सागावरच बोलताय. आमचं जंगल म्हणजे मोह, चारोळी, टेंभुर्णी, अंजन, बांबू, आणि त्यांच्यात साग. "लागवडीचा" एवढ्या एका शब्दावर विश्वास ठेवू नका. राज्याचं वनविकास महामंडळ 1974 साली निघालं. विदर्भात मिश्र जंगल साफ करून सागाच्या रांगा लावल्या गेल्या. वखारीत तोही लागवडीचाच साग म्हणून येतो. सागाखालची झुडपं काढली की त्याच्या सुपाएवढ्या पानांवरून पडणारा जाड थेंब माती उकरून नेतो. होळीच्या सुमारास आमच्या बाया पहाटे मोहाखाली फुलं वेचतात. सागाच्या रांगेत काय वेचायचं? झाड उभं राहण्याआधी त्या जमिनीवर काय होतं, एवढं विचारा. शेत किंवा पडीक असेल तर माझी हरकत नाही.

केळीवाला, रावेर:
ताईंचा प्रश्न बरोबर आहे, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर आहे. माझ्या बांधावर 1998 साली लावलेले बेचाळीस साग आहेत. लावले केळीला वाऱ्याचा आडोसा म्हणून. मे-जूनच्या वादळात घडावर आलेली बाग एका तासात आडवी होते, ते ज्याने पाहिलंय त्याला कळेल. पण विकायला गेलो की सातबाऱ्यावरची नोंद, तोडीची परवानगी, वाहतुकीचा पास, एवढं करून व्यापारी म्हणतो, "बागायती आहे, भाव कमी." नव्वदच्या दशकात सागाच्या योजनांत आमच्याकडच्या लोकांचे पैसे बुडाले, तेव्हापासून सागलागवड म्हटलं की माणसं तोंड फिरवतात. घेणारं कोणी नसेल तर मी ही झाडं कशाला राखू?

इंजिनिअर, धुळे:
लोखंडी चौकटी घ्या. वाळवी नाही, सगळा वादच मिटेल.

फैजपूरकर:
मिटत नाही हो. केंद्राच्या बांधकाम खात्याने जंगल वाचावं म्हणून 1993 मध्ये आपल्या कामांत लाकूड बंद केलं होतं, 2020 मध्ये ती बंदी उठवली. लोखंडाला भट्टी लागते, सिमेंटला चुनखडी भाजावी लागते. जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 7-8 टक्के एकट्या सिमेंटचा. बांधावरचा साग वाढताना तोच वायू ओढून घेतो, आणि दारात असेपर्यंत धरून ठेवतो.

सुतार, अमळनेर:
धडगावच्या ताईंचं पटलं. माझं एक मात्र मी सोडत नाही: मोठ्या दाराला आणि उंबऱ्याला लागवडीचा साग मी बसवणार नाही. भाऊ, उतरवलेल्या तुळया विकल्या नाहीत ना? खिळे उपसून वरचा काळा थर रंधून काढला की आत लाकूड तसंच निघेल. मोठं दार त्यातून होतं. बाकीच्या चौकटी बांधावरच्या करा, पण आमना बाप सांगे तसं: "पह्यले लाकूडले उन्हाया-पावसाया दखाडा, मंग चौकट करा." चिरून, मधे पट्ट्या घालून, सावलीत रचून ठेवायचं. वर्षभर थांबायची तयारी आहे का?

फैजपूरकर:
आहे. तुळया न्यायला उद्या व्यापारी येणार होता, त्याला आत्ता फोन करून नको म्हणून सांगितलं. रावेरच्या दादा, तुमच्या बेचाळिसातली साडेतीन फुटांच्या वर गोलाई गेलेली किती असतील? दिवाळीनंतर बघायला येतो. अमळनेरचे दादा सोबत आले तर खोडं त्यांनीच निवडावीत.