प्रति: स्पिरिटच्या दिव्याचा प्रयोग, उत्तर निम्मंच का येतं
स्पिरिटच्या दिव्यावर पाणी तापवायचं, आणि पाणी किती तापलं व दिव्याचं वजन किती घटलं यावरून इंधनाची ऊर्जा काढायची, असा हा प्रयोग; त्यात थर्मामीटर स्वस्तातला म्हणून उत्तर पुस्तकातल्या आकड्याच्या निम्मं आलं असं वर म्हटलंय, ते काही पटत नाही. 1 ग्रॅम इथेनॉल (स्पिरिटमधलं अल्कोहोल) पूर्ण जळलं तर साधारण 29.7 किलोज्यूल मिळतात, म्हणजे 100 ग्रॅम पाणी जवळपास 71 अंशांनी तापायला हवं, एवढा फरक थर्मामीटर कुठून खाणार! उष्णता बाजूने हवेत जाते, जाड काचेचं बीकर असेल तर ते स्वतःच बरीच पिऊन टाकतं, त्यापेक्षा पातळ पत्र्याचा डबा घ्या आणि भोवती फॉइलचा आडोसा करा.

आणि एक कुणीच बोललं नाही, दिवा विझवला की लगेच टोपण लावून वजन करा, नाहीतर गरम वातीतून स्पिरिट उडत राहतं आणि आपण ते जळालं असं धरतो. रॉकेल वापरलं तर डब्याच्या बुडाला काजळी धरते, तो न जळलेला कार्बनच, तेवढी ऊर्जा मोजण्यात येतच नाही.